नांदेड ते नांदेड, थेट

मुदखेड हे जंक्शन आहे, ही गोष्ट रेल्वेला माहीत आहे, प्रवाशांना माहीत आहे, फलाटावरच्या चहावाल्याला तर आहेच. नांदेडहून आलेला मार्ग इथे फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबाद करत निजामाबादकडे जातो, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादकडे. माहीत नसतं ते फक्त मॉडेलला. म्हणून त्याच्या मताला मोल. त्याला कसलाच पूर्वग्रह नाही.

खेळ साधा आहे. स्थानकं म्हणजे बिंदू, रूळ म्हणजे दुवे. काही दुवे लपवायचे आणि पायथॉनला विचारायचं, सांग बाबा, कुठं काय होतं? यालाच लिंक प्रेडिक्शन म्हणतात. लिबेन-नोवेल आणि क्लाइनबर्ग यांनी २००३ साली हा प्रश्न सहलेखकांच्या जाळ्यावर मांडला. तिथे मित्राचा मित्र पुढे आपलाही मित्र होतो. हाच न्याय रुळांना लावायला धाडस लागतं, आणि पायथॉनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीत ते एका ओळीत मिळतं.

जकार गुणांक घ्या: सामाईक शेजारी भागिले एकूण शेजारी. तो १९०१ सालचा. पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने आल्प्समधल्या वनस्पतींची तुलना करताना काढलेला. मुदखेड तालुका फुलशेतीचा, म्हणजे सूत्र इथल्या मातीला मानवायलाच हवं! मोठी स्थानकं तेवढी धरली, तर उमरीचे शेजारी मुदखेड आणि धर्माबाद, भोकरचे मुदखेड आणि हिमायतनगर. सामाईक एक, एकूण तीन. उमरी आणि भोकर यांच्यात थेट रूळ नाही, तरी गुण एक तृतीयांश. नांदेड आणि मुदखेड यांच्यात दुहेरी रूळ आहे, पण सामाईक शेजारी कुणीच नाही. गुण शून्य. रेल्वेच्या जाळ्यात त्रिकोण विरळाच, हे कारण शंकेखोर लोक सांगतात. आम्ही म्हणतो, चूक रेल्वेची आहे.

मग विद्वान न्यूरल नेटवर्ककडे वळतात, आणि तिथे खरं सुख आहे. दुवा दोन्ही दिशांनी लिहिलेला असतो. मुदखेड ते भोकर शिकवणीत जातो, भोकर ते मुदखेड परीक्षेत. पायटॉर्च जिओमेट्रिक या लायब्ररीत अशी विभागणी करताना जाळं दिशाहीन असल्याचं सांगण्याची सोय आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करावं, गुण फुलून येतात. 'नाही' या उत्तराचे नमुनेही यादृच्छिक घ्यावेत: मुदखेड आणि गुवाहाटी यांच्यामध्ये थेट दुवा नाही, हे ओळखायला मॉडेलला फार घाम गाळावा लागत नाही. एयूसी, म्हणजे 'हो' आणि 'नाही' वेगळं ओळखण्याचा गुण, ०.९९ च्या घरात जायला मग कितीसा वेळ! दहावीतली कॉपी रोखण्याचं अभियान नांदेडमध्येच जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात गाजलं. सुदैवाने ते वर्गखोल्यांपुरतं राहिलं, लॅपटॉपपर्यंत पोचलं नाही.

काही हट्टी माणसं परीक्षेचे दुवे आधी जाळ्यातून खरोखर काढतात, दोन्ही दिशांनी, आणि 'नाही'चे नमुने जवळच्याच स्थानकांतून घेतात. त्यांचा आकडा धाडकन खाली येतो. मग ती माणसं तो आकडा सभेत दाखवतात! असल्यांना बढती मिळायची कशी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा.

माझा मात्र सगळ्यात जास्त जीव आहे तो नावांच्या गोंधळावर. एका तक्त्यात 'नांदेड', दुसऱ्यात 'हुजूर साहिब नांदेड'. नावं एकत्र करत बसणं हे कारकुनी काम, ते शास्त्रज्ञाला शोभत नाही. संगणक दोन स्थानकं मोजतो. दोघांचे शेजारी तेच, पूर्णा आणि मुदखेड. गुणांक पुरा एक. यादीत सर्वांत वर, उमरी-भोकरच्याही वर, नवा मार्ग सुचवलेला असतो: नांदेड ते नांदेड. भूसंपादनाची गरज नाही.