कृत्रिम परवचा

कर्मचाऱ्यांना दिलेले प्रशिक्षण त्यांच्या लक्षात का राहत नाही, या विषयावर ऐकलेली व्याख्यानेही ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहत नसल्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास दर पिढीला मुळापासून करावा लागतो. न्यू जर्सीच्या मर्सर काउंटीतील वेस्ट विंडसर हे गाव अशा अभ्यासाला विशेष सोयीचे आहे. न्यूयॉर्कला नेणारे प्रिन्स्टन जंक्शन हे रेल्वेस्थानक याच गावाच्या हद्दीत आहे, रूट वनच्या कडेचे कार्नेगी सेंटर हे कार्यालयांचे संकुलही याच हद्दीत आहे, आणि दोन्हींच्या बाबतीत नाव मात्र शेजारच्या प्रिन्स्टनचे होते; श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे हे तत्त्व येथील नोकरदाराला कार्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीच उमगलेले असते. गावात भारतीय वस्ती मोठी आहे आणि तिच्यात मराठी घरेही आहेत, त्यामुळे प्रस्तुत विवेचनातील नोकरदार मराठी कल्पिलेला आहे.

या नोकरदाराचे वार्षिक प्रशिक्षण बहुधा घरी, जेवणाच्या टेबलावर पार पडते. पडद्यावरचा निवेदक फसव्या ईमेलची लक्षणे समजावत असतो, त्याचा आवाज बंद केलेला असतो, आणि ‘पुढे’ हे बटण उजळले की ते दाबावे एवढीच अपेक्षा शिकणाऱ्याने स्वतःकडून ठेवलेली असते. अखेरच्या चाचणीत चार पर्यायांपैकी सर्वांत लांबलचक पर्याय बरोबर असतो, हे ज्ञान मात्र वर्षानुवर्षे टिकते. प्रमाणपत्र मिळते, ते योग्य फोल्डरमध्ये जाते, आणि पुढच्याच आठवड्यात ‘आपले पार्सल अडकले आहे’ असा ईमेल आला की तोच नोकरदार तत्परतेने त्यातील दुव्यावर बोट ठेवतो.

या घटनेची शास्त्रीय मीमांसा जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस याने १८८५ साली केली. त्याने स्वतःलाच प्रयोगाचा विषय करून निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, यावरून स्मरण मोजले: २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या आसपास आणि महिन्याने सुमारे २१ टक्के. आरंभी झपाट्याने आणि नंतर संथपणे उतरणाऱ्या या आलेखास विस्मरणाची वक्ररेषा म्हणतात. निरर्थक अक्षरांवरचे निष्कर्ष अर्थपूर्ण मजकुराला जसेच्या तसे लावता येत नाहीत, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तथापि ‘मूल्याधिष्ठित समन्वयातून सर्वसमावेशक परिणामकारकता’ या धर्तीच्या प्रशिक्षणास हा आक्षेप लागू पडत नाही.

या वक्ररेषेवरचा आजचा उपाय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रशिक्षक, म्हणजे असा संगणकीय सहायक, जो प्रशिक्षण संपल्यावर दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने कर्मचाऱ्याला गाठून त्यातलेच प्रश्न विचारतो, उत्तर चुकले तर तोच मुद्दा लवकर पुन्हा पुढे करतो आणि अवघड ग्राहकाची भूमिका घेऊन सरावही करवून घेतो. त्यामागचे तत्त्व भक्कम आहे. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरतात, पण आठवड्यानंतर तोच उतारा मनाने आठवून लिहिलेले विद्यार्थी त्यांना मागे टाकतात. या पद्धतीला स्मरणाचा सराव म्हणता येईल. मराठी घरांनी हा सराव परवचा या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला होता. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की मुलांनी पाढे, पावकी, निमकी, तिथी आणि नक्षत्रे मोठ्याने म्हणायची, आणि भाजी निवडता निवडता ऐकणाऱ्या आजीने ‘एकोणतीस सक्कं’पाशी मान वर करायची, एवढीच त्यातली यंत्रणा होती, तिला वर्गणी नव्हती आणि तिच्यापासून सुटकाही नव्हती.

यंत्रांच्या आगमनाचा वेस्ट विंडसरला पूर्वानुभव आहे, ही बाब येथे उपेक्षिता येत नाही. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्यात मंगळवासी आपल्या यंत्रांसह उतरले, ते याच गावातील ग्रोव्हर्स मिल या वस्तीत. हे नाटक आहे, असे आरंभीच जाहीर झाले होते. पण उशिरा रेडिओ लावणाऱ्यांनी ते ऐकलेच नाही, आणि पुढची तशी घोषणा होईपर्यंत मंगळवासीयांनी बराच मुलूख पादाक्रांत केला होता. त्या रात्रीची घबराट वृत्तपत्रांनी फुगवली, असे पुढील अभ्यासक मानतात. तरीही सांगितले गेले म्हणजे समजले गेले, असे गृहीत धरणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण विभागाने व्हॅन नेस्ट पार्कमधील त्या प्रसंगाच्या स्मारकाला एकदा तरी भेट द्यावी.

नव्या यंत्राची अडचण निराळीच आहे: ते रागावत नाही. आजीच्या भुवईची धास्ती असल्याने मूल पाढा घोकून येत असे. सहायक मात्र ‘छान प्रयत्न!’ म्हणून चुकीचेही स्वागत करतो. नोकरदार अखेर बुद्धिवान असल्यामुळे त्याचा प्रश्न उचलून दुसऱ्या कृत्रिम सहायकाला देतो आणि आलेले उत्तर पहिल्याला चिकटवतो. अशा रीतीने दोन यंत्रे एकमेकांची उजळणी घेत राहतात, दोघांनाही अभ्यासक्रम मुखोद्गत होतो, स्मरणाचे आकडे वरिष्ठांना समाधान देतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला तो प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर निश्चिंत मनाने गाडीची वाट पाहतो.

शिकलेले प्रत्यक्ष कामात उतरणे, ज्याला या शास्त्रात प्रशिक्षणाचे संक्रमण म्हणतात, त्याविषयी बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये केलेल्या मांडणीत तीन घटक आहेत: शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाचे वातावरण, म्हणजे वरिष्ठांचा पाठिंबा आणि शिकलेले वापरण्याची संधी. कृत्रिम प्रशिक्षकावरचा बहुतेक खर्च पहिल्या दोहोंवर होतो, कारण तिसऱ्यासाठी वरिष्ठाला बदलावे लागते आणि खर्चाला मंजुरी देणारा तोच असतो. वास्तविक ‘त्या प्रशिक्षणातले या आठवड्यात काय वापरलेस, आणि कुठे अडले?’ एवढे त्याने दर सोमवारी खरोखर उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारले, तर निम्मे काम होईल. म्हणून या यंत्राची पहिली नेमणूक कर्मचाऱ्याच्या मागे न करता वरिष्ठाच्या मागे करावी, आणि त्याने हा प्रश्न विचारला की नाही, हे त्याला दर सोमवारी विचारावे. ही शिफारस नवी नाही. ‘सहकाऱ्यांचा विकास’ या विषयावरील व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणात ती सहसा असतेच, आणि त्याचे प्रमाणपत्र त्या वरिष्ठाच्याही योग्य फोल्डरमध्ये पडलेले असते.