जंगल दुपारी बंद राहील

ताडोबाला जाऊन आल्यापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. जंगल ही मुळात पुणेरी संस्था आहे. विदर्भातल्या मंडळींना हे आवडणार नाही, पण पुरावा बघा. उजाडता उजाडता उघडतं, नऊ-साडेनऊला बंद होतं. मग गिऱ्हाईक उन्हात कितीही तळमळो, दुपारी तीनच्या सुमारासच पुन्हा उघडणार. मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. पावसाळ्यात कोअरमधलं, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातलं दुकान थेट तीन महिने बंद. माल दाखवला जाईलच याची हमी नाही आणि न दिसल्यास आगाऊ घेतलेले पैसे परत नाहीत. मालक चुकून समोर आलेच, तर ते तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सांगा, याहून अस्सल पुणेरी दुकान अख्ख्या लक्ष्मी रोडवर तरी सापडेल का?

ही सहल आमच्या साडूंनी आखली. ते निवृत्त इंजिनीअर आहेत आणि निवृत्त इंजिनीअरला मोकळा वेळ मिळाला की तो तक्ता करतो. तक्त्यात चार सफारी होत्या, दोन जोडपी होती आणि शेवटच्या रकान्यात 'दर वाघ दर माणशी खर्च' होता. वाघ दिसलाच नाही तर त्या रकान्यात शून्याने भागावं लागेल, हे मी सुचवून पाहिलं. साडू म्हणाले, "चार सफारींत एकही नाही, असं होत नाही हो."

"मग इतक्या लांब कशाला? चांदोली जवळ आहे," असंही मी म्हणालो. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि सांगली-सातारा-कोल्हापूरच्या सांध्यावरचं चांदोली. यातलं पुण्याला वाघाच्या बाबतीत कामाचं आणि सगळ्यात जवळचं हे शेवटचंच. साडूंनी मान हलवली. चांदोलीत जंगल दाट, डोंगर उभे, वाघ विरळ. म्हणजे निसर्ग भरपूर आणि दर्शन नाही. पुण्याच्या माणसाला देऊळ कितीही सुंदर असलं तरी आत मूर्ती लागते.

खरं तर वाघासाठी आपण जंगलात जायचं, ही रीतच पुण्याची नाही. आपली रीत वाघाला पुण्यात आणायची. सवाई माधवरावांचा शिकारखाना होता पर्वतीच्या पायथ्याशी. आमच्या लहानपणी पेशवे पार्क होतं. फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायचं, उतरायचं, कुल्फी खायची आणि वाघ बघायचा. सगळं तासाभरात. पुढे १९९९ साली कात्रजला प्राणिसंग्रहालय झालं आणि वाघ जरा लांब गेले. तरी पीएमटीच्या टप्प्यातच होते. ताडोबासाठी मात्र नागपूरपर्यंत रात्रभर रेल्वे, पुढे काही तास गाडी आणि वर मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन. त्या उन्हाबद्दल एवढंच सांगतो की पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता मी पंखा लावला आणि बायको म्हणाली, "बंद कर, भाजतंय."

वाघांना बिचकवू नये म्हणून मातकट, हिरवट कपडे घालावेत, अशी सूचना साडूंनीच महिनाभर आधी सगळ्यांना पाठवली होती. पहिल्या पहाटे ते स्वतः केशरी टी-शर्ट घालून आले. मेव्हणीने विचारलं तेव्हा म्हणाले, "हा वाघाचाच रंग आहे. त्याला घरचं वाटेल." ते परत खोलीत जाऊन कपडे बदलून आले, त्यात आमची दहा मिनिटं गेली. या दहा मिनिटांत एक वाघीण रस्ता ओलांडून गेली असणार, असं ते पुढे चारही दिवस म्हणत राहिले. टी-शर्टचा विषय मात्र टाळला.

आमच्या जिप्सीवर गाइड म्हणून एक ताई होत्या. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, खाकी कपडे, डोक्याला रुमाल. जन्म याच जंगलाच्या कडेला गेलेला. त्यांनी आधी ओळखपत्रं तपासली, मग बायकोच्या हातातली चिवड्याची प्लॅस्टिकची पिशवी काढून बाहेर ठेवायला लावली, मग माझ्याकडे वळल्या.

"काका, मोबाइल?"

काका या शब्दाने मी आधीच अर्धा झालो होतो. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे तक्त्यात होतं, पण तक्त्यातलं वाचणं वेगळं आणि प्रत्यक्ष हातातून फोन जाणं वेगळं. मी विचारलं, "वाघ समोर आला आणि फोन नसला तर?"

"तर डोयानं पाहा जी," ताई म्हणाल्या.

जिप्सी आत शिरली. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासकट व्याघ्र प्रकल्प झाला. नुसता कोअर भाग सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. नवी गावं पोटात घेऊन फुगलेली आपली पुणे महापालिका पाचशेच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज करा. आणि पुण्याएवढ्या त्या जागेत हॉर्न नव्हता. पहिली पंधरा मिनिटं मला कान बधिर झाल्यासारखं वाटलं. माझा हात दर दोन मिनिटांनी खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. तो असा चौथ्यांदा की पाचव्यांदा परत आला, तेव्हा मला एकदम कोथरूड आठवलं.

९ डिसेंबर २०२०, बुधवार. त्या सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या भागात रानगवा आला. टाळेबंदी नुकती सैलावली होती, सगळे घरात होते, कंटाळले होते. पुण्यात पाहुणा आला की 'जेवूनच आला असाल' म्हणतात, ही आमची जगभर झालेली बदनामी. त्या बुधवारी आम्ही ती एका फटक्यात धुऊन काढली. अख्खं कोथरूड पाहुण्याच्या स्वागताला रस्त्यावर उतरलं. कुणी गच्चीवर, कुणी भिंतीवर, कुणी दुचाकीवर त्याच्या मागे.

मीही उतरलो. का, ते अजून सांगता येत नाही. पायात एक चप्पल माझी होती, एक मुलाची, नाकाखाली घसरलेला मास्क आणि हातात फोन. गवा मला दोन सेकंद दिसला, तोही माणसांच्या डोक्यांमधून. काळी, रुंद पाठ आणि तिच्यावरून निथळणारा घाम. त्या दोन सेकंदांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात एका गृहस्थाचं हेल्मेट आहे, माझा अंगठा आहे आणि 'अरे तिकडे गेला, तिकडे!' असं ओरडणारा एक आवाज आहे. तो आवाज माझा आहे.

गवा काही तास धावत राहिला. शेवटी भुलीचं इंजेक्शन मारून त्याला पकडलं आणि तो मेला. दमला होता, घाबरला होता, तापला होता. एवढ्या मोठ्या जनावराला आपण मारलं आणि कुणी साधा दगडही उचलला नव्हता. नुसतं बघायला गेलो होतो.

ज्या गावात 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल', 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही' अशा पाट्या दारोदार आहेत, त्या गावाला त्या दिवशी एकही पाटी सुचली नाही. 'गवा आला आहे. आपण आपल्या घरी बसावे' एवढं कुणी लिहून लावलं असतं, तर पुरलं असतं. आपला तुसडेपणा ज्या दिवशी खरोखर कामाचा होता, नेमका त्या दिवशी आपण अगत्य दाखवलं.

दोनच आठवड्यांत, २२ डिसेंबरला बावधनला दुसरा गवा आला. या वेळी माणसांना लांब ठेवलं, भूल द्यायची घाई केली नाही, त्याला त्याची वाट शोधू दिली. म्हणजे चहाही विचारला नाही. तो जिवंत परत गेला.

असो. जिप्सीत होतो.

वाघ दिसत नव्हता. चितळ दिसले, सांबर दिसलं, तळ्याच्या काठाला ओंडक्यासारखी पडलेली मगर दिसली. तळ्याकाठी तारूचं देवस्थान आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून पडलं, असं सांगतात. मला हे फार आवडलं. झुंजीत वाघाने माणसाला मारलं, तरी जंगल वाघाकडेच राहिलं. माणसाला देवपण देऊन प्रकरण मिटवलं.

"वाघाची भीती नाही वाटत?" मेव्हणीने ताईंना हळूच विचारलं.

"वाघ बरा जी. तो आपल्याले पाहून बाजूनं निघून जाते. अस्वलाची भीती. ते मधातूनच येते."

मोहफुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या माणसांना अस्वल अचानक समोर येतं. त्याला दिसतं कमी, दचकतं जास्त, आणि दचकलं की आधी हल्ला करतं. ताईंनी चार-पाच गोष्टी सांगितल्या. एकटं जायचं नाही, बोलत जायचं, वाकून बसायचं नाही, पाठ दाखवून पळायचं नाही. बिबट्यालाही हाच हिशेब. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला जनावराएवढा दिसतो. आमच्या जुन्नरकडच्या उसातल्या लोकांना हे पाठ आहे. आम्ही शहरातले मात्र समोर काहीही आलं तरी आधी वाकतो, कारण फोटोला अँगल खालून चांगला येतो.

दुसऱ्या दिवशी साडूंची टोपी उडाली. मातीच्या रस्त्यावर, जिप्सीच्या मागे वीस फुटांवर जाऊन पडली. साडूंनी एक पाय बाहेर काढला.

"पाय आत घ्या!" ताईंचा आवाज वाढला नव्हता, पण साडूंचा पाय त्यांच्या आधी आत आला.

"अहो, पण टोपी..."

"खाली उतरता येत नाही जी."

"बरं, राहू दे मग. चला."

"ठेवून बी जाता येत नाही. कचरा होते."

उतरायचं नाही आणि सोडायचीही नाही. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं सरकारी नियम वाचलेला माणूस, पण असा कोंडी करणारा नियम त्यांनाही पहिल्यांदा भेटला होता. शेवटी ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि दारातून ओणवं होऊन काठीने टोपी वर ओढली. टोपी मिळाली, पण त्या दिवसापासून साडू ताईंना 'मॅडम' म्हणू लागले.

तिसऱ्या सफारीत एका पाणवठ्याकडे जिप्स्या वळताना दिसल्या. 'कॉल' झाला होता म्हणे. म्हणजे चितळाने वाघाची चाहूल लागल्याचा इशारा दिला होता. आमच्या ड्रायव्हरने गाडी बरीच मागे थांबवली. साडू अस्वस्थ. पुढच्या गाड्यांतले लोक उभे राहिलेले, आम्ही मात्र मागे, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे. मी पुढे घ्यायला सांगणार, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, "उमरेडचं ऐकलं ना तुमी?"

ऐकलं होतं. ३१ डिसेंबर २०२४, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एफ-टू नावाची वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर होती आणि जिप्स्यांनी त्यांना दोन्हीकडून कोंडून धरलं. वाघिणीला पिल्लं घेऊन जायला वाट राहिली नाही. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. कारवाई त्यांच्यावर झाली. पण 'घ्या हो अजून थोडी पुढे' असं मागून म्हणणारे जे कोण असतील, ते नवं वर्ष साजरं करून आपापल्या गावी परतले असतील. ते वाक्य माझ्याही ओठावर होतं. मी गिळलं आणि पाणी प्यायलो.

पाणवठ्यावर वाघ आला की नाही, आम्हाला कळलं नाही. पुढच्यांच्या पाठी छान दिसल्या.

चौथी सफारी, शेवटची. परतीला निघालो होतो आणि वळणावर गाडी थांबली. रस्त्यात मधोमध गवा उभा होता.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मोजे घातल्यासारखे. वर सगळा काळा डोंगर. त्याने आमच्याकडे बघितलं. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाकडे मालक बघतो, तसं. माझा हात खिशाकडे गेला. रिकामा होता. दुसऱ्या हाताने मी तो धरून ठेवला.

"गेट बंद होईल ना?" साडू कुजबुजले.

"होऊ द्या जी. त्याचा रस्ता हाये," ताई म्हणाल्या.

साडूंच्या घड्याळाने बावीस मिनिटं झाली. पानांचा आवाज, लांब कुठेतरी मोर, आणि गव्याचा श्वास. हो, तो ऐकू येत होता. कोथरूडला तो ऐकू आला नव्हता. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो वळला आणि बांबूत शिरला. घाई नव्हती. त्याच्या मागे कुणी नव्हतं. बांबू हलायचे थांबले, तरी आम्ही काही वेळ बोललो नाही. साडूंनी खिशातून तक्ता काढला, बघितला आणि परत ठेवला.

पुण्यात पोचलो त्या सकाळी सोसायटीच्या लिफ्टपाशी तळमजल्यावरचे काका भेटले. पेपर हातात, चष्मा कपाळावर.

"काय, ताडोबा ना? वाघ?"

"नाही दिसला."

"चार दिवस? मग पाहिलंत काय?"

"गवा."

काकांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"हात्तिच्या! गव्यासाठी एवढे पैसे घातलेत? तो तर आपल्याकडे घरपोच आला होता!"