टाकी गळते, चौकीदार झोपतो

आमच्या धरमपेठेतल्या इमारतीची पाण्याची टाकी गळायला लागली, म्हणून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज लिहिला. इंग्रजीतून. मराठी तक्रारीला 'बघू' मिळतं, इंग्रजी तक्रारीला निदान फाइल मिळते. पहिलंच वाक्य होतं, 'द टँक इज लीकिंग, द वॉचमन इज स्लीपिंग.' यमकसुद्धा जुळलं होतं.

पुतणीनं वाचलं आणि मान हलवली. "काका, चूक आहे. ही दोन पूर्ण वाक्यं आहेत, नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत."

"काहून?"

"त्याच्यात तेवढा दम नसतो. पूर्णविराम द्या, नाही तर अर्धविराम. स्वल्पविरामच पाहिजे असेल तर पुढे 'अँड' लावा."

सगळं करून पाहिलं. पूर्णविराम दिला तर पोलिसांचा पंचनामा झाला. 'अँड' लावलं तर टाकी आणि चौकीदार दोघं मिळून काही तरी उद्योग करताहेत असं वाटायला लागलं. 'बिकॉज' घालावं, तर त्याच्या झोपेमुळेच टाकीला भोक पडलं असं व्हायचं. बिचाऱ्याचा तेवढा अपराध नव्हता. 'हाऊएव्हर' काढलं, तर पुतणी म्हणाली, त्याच्या आधीही एकटा स्वल्पविराम चालत नाही. ते उभयान्वयी अव्ययासारखं दिसतं, पण नसतं. असे दोन-तीन सभासद आमच्याही सोसायटीत आहेत.

आई बाजारातून आली की दारातच सांगायची, "मी बर्डीवर गेली, भाव पाह्यले, संत्री काही घेतली नाही, वापस आली." चार क्रियापदं, मध्ये फक्त श्वास. त्यात कुठे 'आणि' शिरला असता, तर संत्र्यांच्या भावावरचा तिचा राग तिथेच पातळ झाला असता.

आपली जुनी मोडी तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसे. आधी ओळ आखायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. भोसल्यांचा कारभार त्यावर चाललाच की. विरामचिन्हं मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं पुस्तकच काढलं. म्हणजे स्वल्पविराम साहेबानं दिला, आपण घरच्यासारखा वापरला, आणि आता साहेबाच्याच भाषेत तो वापरताना परवाना दाखवायचा!

शेवटी अर्धविराम दिला. १४९० च्या दशकात व्हेनिसच्या आल्डस मनुटियसच्या छापखान्यातून निघालेलं ते चिन्ह धरमपेठेत पोचलं, तेव्हा सेक्रेटरींनी त्याच्याभोवती पेनानं गोल काढला. "शाई सांडली का जी इथं?"

दोन दिवसांनी जिन्यापाशी नोटीस लागली : 'प्लंबर इज कमिंग, वॉटर विल बी ऑफ, प्लीज अ‍ॅडजस्ट.' मी खिशातल्या पेनाला हात घातला. मग आठवलं, बादल्या भरायच्या होत्या.