योगेच्छुक

योगा करणारे थोडे, न करणारे पुष्कळ. पण या दोघांच्या मधली एक जमात आहे. तिला योगा करायचाच आहे, फक्त उद्यापासून. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच.

काकांचे मुहूर्त पंचांगातही मावणार नाहीत. १ जानेवारी हुकली की गुढीपाडवा, तो हुकला की २१ जून. २०१५ पासून योग दिन सुरू झाल्याने काकांना पुढे ढकलायला आणखी एक हक्काची तारीख मिळाली. उन्हाळ्यात घामाच्या धारा, पावसाळ्यात सांधे धरतात, थंडीत पांघरूण सुटत नाही, आणि पितृपंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नसतं.

तयारी मात्र चोख. जांभळी मॅट आली. तिच्यावर यंदा काकूंनी पापड वाळवले. ट्रॅक पँट आली. ती घालून काका दूध आणायला जातात. खरी अडचण शास्त्रीय आहे. योगा रिकाम्या पोटी करायचा. चहा घेतल्याशिवाय काकांचं पोट साफ होत नाही, आणि चहा घेतला की ते रिकामं राहत नाही. या पेचातून मार्ग काढता काढता दहा वाजतात.

"माझं अंगच लवचीक नाही हो," ही पुढची सबब. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी लहानपणी किती आजारी होते, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची असं साहित्य वापरून त्यांनी ताठ अंगाच्या माणसालाही आसनं कशी जमवून दिली, हे काकाच आपल्याला सांगतात. सोफ्यावर आडवे पडून. गुरुजींची 'योगदीपिका'ही घरात आहे. पण काकांनी ती शेवटच्या फोटोंकडून चाळायला घेतली आणि धसका घेऊन मिटली. कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेलं कैवल्यधाम हे योगकेंद्र बघायला म्हणून काका लोणावळ्याला गेले, आणि दोन किलो चिक्की घेऊन आले.

पतंजलींनी योगमार्गातले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितलेत. व्याधी, संशय, आळस ही मंडळी काकांकडे पूर्वीपासून मुक्कामाला. भ्रांतिदर्शन मोबाइलबरोबर आलं: सूर्यनमस्काराचा व्हिडिओ पूर्ण पाहिला की काकांना आपणच बारा घातल्यासारखं वाटतं.

शेवटी काकू वैतागल्या. "अहो, ते मुहूर्त राहू द्या. या खुर्चीवर ताठ बसा, हात वर करा आणि सावकाश श्वास घ्या. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उठायचं नाही." मॅट नको, ट्रॅक पँट नको. काका बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुकर लागला, पुन्हा बसले. वरणभाताला काही मुहूर्त लागत नाही, त्यामुळे खंड पडेना. महिनाभरात काका खाली वाकून स्वतःच्या चपला स्वतः घालू लागले.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता काका जिन्यात माणसं अडवतात. "श्वास बघ तुझा, नुसता छातीत अडकलाय! पाठ बघ कशी! उद्यापासून ये माझ्याकडे." सोसायटीतल्या दोघांनी त्या धास्तीने सकाळचा योगाच सोडला. पतंजलींच्या यादीत दहावा अंतराय राहून गेला असावा: नुकताच योगा सुरू केलेला शेजारी.