डोकं माझं, बिल कुणाचं?

इंग्रज गेले, निजाम गेला, पोर्तुगीजही गेले. पुण्यातला स्वातंत्र्यलढा मात्र अजून चालू आहे. सध्याच्या शत्रूचं नाव हेल्मेट. दर काही वर्षांनी एखाद्या पोलीस आयुक्ताला कायदा आठवतो आणि तो सक्ती जाहीर करतो. लगेच विरोधी कृती समिती उभी राहते, निवेदनं जातात, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका व्यासपीठावर बसतात. मग वरून ‘जरा सबुरीनं घ्या’ असा निरोप येतो आणि कारवाई थंडावते. २०१९ साली १ जानेवारीपासून सक्ती सुरू झाली, तेव्हा त्याच आठवड्यात पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला होता. पगडी डोक्यावर शोभते, यात वादच नाही. पण डांबरावर आपटल्यावर ती काय करते, याची चाचणी अजून कुणी घेतलेली नाही.

विरोधाची कारणं ऐकावीत ती पुणेकराकडूनच. केस गळतात. (ज्यांचे आधीच गेलेत, तेही हेच सांगतात.) मान आखडते. मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही. जणू ऐकू आला असता तर आपण बाजूला झालो असतो. शहरात वेग मिळतोच कुठे, हे आणखी एक. वेग मिळत नाही, कबूल. पण थांबलेल्या गाडीवरून तोल जाऊन दुभाजकाच्या कडेवर टाळकं आपटायला वेग लागत नाही, माणसाची उंची पुरते. शिवाय हा सगळा हेल्मेट कंपन्यांचा डाव आहे, असं सांगणारे असतातच. तो डाव उधळायला हे लोक निघतात कंपन्यांनी बनवलेल्या स्कूटरवरून, कंपन्यांच्याच पेट्रोलवर.

सर्वांत भारी युक्तिवाद म्हणजे ‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट सांगा.’ तो नीट ऐकला की थक्क व्हायला होतं. रस्ता खराब आहे, झाकणं वर आली आहेत, वाळू सांडली आहे, समोरून टेम्पो उलट्या दिशेनं येतो आहे, आणि म्हणून डोकं उघडं ठेवायचं. महापालिकेवर राग काढायचा तर काढा, कर भरताना काढा, मत देताना काढा. आपली कवटी जामीन ठेवून खड्डे बुजतील अशी आशा करणारा हा जगातला एकमेव सत्याग्रह असावा. शिवाय महापालिकेला त्याचा पत्ताही नसतो.

याच शहरातल्या मुली उन्हाने काळं पडू नये म्हणून चेहरा, मान, डोकं, सगळं स्कार्फनं गुंडाळतात. कोपरापर्यंत हातमोजे, वर सनकोट. भर मे महिन्यात गुदमरून जातील इतकं बांधतात. कुणी सक्ती केलेली नाही, दंड नाही, कृती समिती नाही. म्हणजे डोकं झाकण्याला शहराचा विरोध नाही. विरोध सांगण्याला आहे. कातडी वाचवा हे आपलं आपल्याला सुचलं तर ते शहाणपण, आणि कवटी वाचवा असं पोलिसानं सांगितलं की लगेच गुलामगिरी.

आता गमती बाजूला ठेवू, कारण विरोधकांच्या गोंगाटात एक प्रामाणिक माणूसही असतो. तो केसांबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, “डोकं माझं आहे. फुटलं तर माझं फुटेल. सरकारचा संबंध काय?” हा प्रश्न फालतू नाही. जॉन स्टुअर्ट मिल यानं १८५९ साली स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो जवळपास याच जागी उभा आहे. त्यात मोडक्या पुलाचं उदाहरण आहे. एखादा माणूस धोकादायक पुलावर पाऊल टाकतोय आणि त्याला धोका ठाऊक नाही, सांगायलाही वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढा. त्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही, कारण त्याला नदीत पडायचं नव्हतंच. पण माणूस जाणता आहे, धोका नक्की नाही, नुसता संभवतो, आणि तरी त्याला जायचंय, तर त्याला सावध करा आणि जाऊ द्या. पुण्यातल्या आगरकरांनी हाच मिल वाचला होता. तेव्हा विरोधकांची परंपरा थोर आहे. पेलते का, एवढाच प्रश्न.

जाणता म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ५०,०२९ दुचाकीवर विनाहेल्मेट होती. त्यांतले ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट घातल्यानं मरणाचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत दिसलंय. म्हणजे हेल्मेट अमृत नाही, पण पगडीपेक्षा बरं आहे. हे सगळं माहीत असून जो उघड्या डोक्यानं निघतो, तो मिलचा जाणता माणूस. मागच्या सीटवर बसलेल्या त्या १४,३३७ जणांपैकी किती जाणते होते, आणि किती जण ‘बस गं, कोपऱ्यापर्यंतच जायचंय’ एवढ्यावर बसले होते, हे मात्र अहवालात नाही.

हेल्मेटच्या शास्त्राची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. ते मरण त्याच्या मनातून जाईना. त्यानं लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांची मोजदाद केली आणि १९४१ मध्ये ती छापली. ब्रिटिश लष्करानं निरोप्या स्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. नागरिकांसाठी कायदा यायला मात्र १९७३ उजाडलं.

मग तिथेही विरोध झाला. त्यातला एक माणूस आमच्या कृती समित्यांनी फोटो लावून पुजावा असा आहे. फ्रेड हिल त्याचं नाव. निवृत्त शिक्षक, दुसऱ्या महायुद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवलेला. कायदा झाल्यावर तो टोपी घालून गाडी चालवत राहिला. पकडला गेला की दंड होई. दंड भरायला तो नकार देई आणि तुरुंगात जाई. सुटला की पुन्हा टोपी, पुन्हा दंड, पुन्हा तुरुंग. असं वर्षानुवर्षं चाललं. १९८४ साली, सत्तरी ओलांडलेल्या वयात, लंडनच्या तुरुंगातच तो हृदयविकारानं गेला. त्याचं म्हणणं मला पटत नाही. पण त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. त्यानं ‘ओळखीचा आहे’ म्हणून कुणाला फोन लावला नाही.

आमचा लढवय्या कसा असतो? त्याच्याकडे हेल्मेट असतं. कोपरात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं, नाहीतर पायापाशी ठेवलेलं, त्यात कोथिंबीर. चौकात पांढरा शर्ट दिसला की ते डोक्यावर चढतं आणि शर्ट मागे पडला की उतरतं. पट्टा लावायचा नसतोच. धडकेत डोकं एकीकडे आणि हेल्मेट दुसरीकडे जाईल, एवढी सोय त्यात असते. पकडला गेलाच तर आधी गल्ली बदलतो, मग ‘साहेब, हॉस्पिटलमध्ये पेशंट आहे’ सांगतो, मग नगरसेवकाला फोन लावतो. ई-चलन आलं तर लोकअदालतीत सवलत कधी मिळते याची चौकशी करतो. हेल्मेट विकत घेतलेलं असतं पदपथावरून. जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. पदपथावरच्या मालावर शिक्का असतो, आतून थर्माकोलचा तुकडा नसतो. हा स्वातंत्र्यसैनिक तत्त्वासाठी पाचशे रुपयेही मोजायला तयार नाही.

ज्या शहराची परंपरा सांगायची, तिथला हिशेब वेगळा होता. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे आगरकरांनी रूढींवर लिहिलं, तर याच पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची अंत्ययात्रा काढली. ते दम्यानं खंगत होते, पगार बेताचा होता, आणि लिहिणं थांबलं नाही. र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला, त्यात प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ स्वतःच्या खिशातून चालवलं, खटले झाले, दंड झाला, तो भरला आणि पुढचा अंक काढला. या माणसांनी स्वातंत्र्य घेतलं आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवलं नाही.

‘फुटलं तर माझं फुटेल’ हे वाक्य इथेच लंगडतं. फुटलेलं डोकं स्वतःहून रुग्णालयात चालत जात नाही. १०८ ची रुग्णवाहिका येते, ती करातून चालते. अतिदक्षता विभागातली खाट अडते, ती दुसऱ्या कुणाला हवी असते. माणूस वाचला आणि मेंदू दुखावला, तर बायको नोकरी सोडते, मुलगी कॉलेज सोडते, म्हातारी आई चाळीस वर्षांच्या मुलाला पुन्हा भरवायला लागते. ज्या टेम्पोखाली तो आला त्याचा चालक, चूक नसली तरी, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. या सगळ्यांच्या डोक्यांचं मत स्वातंत्र्यवीरानं घेतलेलं नसतं. १९८८ साली आंध्रातल्या हेल्मेटच्या नियमाविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा संचारस्वातंत्र्यावर गदा येते हा दावा न्यायालयानं फेटाळला. त्या निकालाला आता किती वर्षं झाली ते मोजा. आमची कृती समिती अजून पहिल्या इयत्तेत आहे.

आणि स्वातंत्र्याची एवढी तहान असेल, तर ती डोक्यावरून खालीही उतरावी. एकट्या मुलीला फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही, असा ठराव सोसायटीच्या सभेत कोण करतं? ती रात्री किती वाजता येते, हे वॉचमनला कोण विचारतं? टेकडीवर बसलेल्या जोडप्याला नाव-गाव कोण विचारतं? २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती जमवायला समिती नेमली. सज्ञान माणसानं कुणाशी लग्न करावं, याहून खासगी गोष्ट ती कोणती? त्यावर पगड्या घालून कुणी निघाल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. तिथे ‘समाजाचाही विचार करायला हवा’ म्हणणारे काका सिग्नलवर ‘माझं डोकं, माझी मर्जी’ म्हणतात. मर्जीचा प्रदेश त्यांनी भुवयांच्या वर आखून घेतला आहे.

तरीही मी सक्तीच्या बाजूचा कट्टर नाही. सरकारनं एक परवाना काढावा, ‘हेल्मेटमुक्ती’चा. ज्याला हवा त्यानं वाहतूक शाखेत जाऊन घ्यावा. अपघात झाल्यास उपचाराचा सगळा खर्च मी करीन, विम्याचा वाढीव हप्ता भरीन, असं त्यावर लिहून द्यावं. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घ्यावी, आणि ती घेताना वरचा ५०,०२९ चा आकडा मोठ्यानं वाचून दाखवावा. अवयवदानाचा अर्ज त्यालाच टाचून ठेवावा. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्यांची रांग मोठी आहे. शेवटी एक ओळ : ‘मी कोणत्याही नगरसेवकाला फोन लावणार नाही.’ माझा अंदाज आहे की या शेवटच्या ओळीपाशीच बहुतेक अर्ज परत घेतले जातील.

असा परवाना येईपर्यंत मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम आहे. ते चालवणाऱ्याला लागू आहे, मागे बसणाऱ्याला आहे, आणि चार वर्षांवरच्या प्रत्येक मुलालाही आहे. पगडीधारी शीख सोडले तर सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना स्थगित, अशी शिक्षा कायद्यात आली. चार वर्षांखालच्या मुलांसाठीही २०२३ पासून नियम आहेत : त्यांच्या मापाचं हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत. सकाळी साडेसातला कोणत्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहा आणि स्कूटरच्या पुढ्यात उभी केलेली, दोन्ही हातांनी आरसे धरलेली पोरं मोजा. त्यांतल्या कितींच्या डोक्यावर काही आहे, तेही मोजा.

त्यांनी कोणत्याही मोर्चात भाग घेतलेला नाही आणि मिलही वाचलेला नाही. तेव्हा तुमच्या डोक्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण या रविवारी दुकानात जाताना पोराला बरोबर न्या. त्याच्या मापाचं, शिक्क्याचं हेल्मेट घ्या, आणि घरी येताना त्याचा पट्टा नीट लागलाय का ते बघा.