हात दाखवून सुलक्षण

चंदीगड ज्याच्या नावाने ओळखलं जातं, त्या ल कॉर्ब्युझिएकडे वास्तुकलेची पदवी नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात १८८७ साली तो जन्मला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचे, आणि मुलगाही गावच्या कलाशाळेत गेला तो घड्याळांच्या झाकणांवर नक्षी कोरायला शिकण्यासाठी. पण नजर अधू निघाली, एका शिक्षकाने त्याला इमारतींकडे वळवलं, आणि त्याची फळं पुढे शिवालिकच्या पायथ्याशी आपल्या पदरात पडली. इथल्या सरळसोट रस्त्यांवरून संध्याकाळी फिरताना मला हे शहर एखाद्या अवाढव्य घड्याळाचं झाकण वाटतं. रेघा कोरून ठेवल्यात, काटे बसवायचे तेवढे राहून गेलेत. (दुपारी दोन ते चार सेक्टरांमधून हिंडून पाहा, म्हणजे काट्यांबद्दलचं म्हणणं पटेल.) हाच गृहस्थ आज इथल्या एखाद्या खात्यात आरेखकाच्या जागेसाठी अर्ज करता, तर 'पदवीची साक्षांकित प्रत जोडलेली नाही' या शेऱ्यानिशी छाननीतच गळाला असता.

आणि तरी या शहराने बोधचिन्ह म्हणून काय निवडावं? हात. कॅपिटॉल संकुलात २६ मीटर उंचीचा, ५० टन वजनाचा धातूचा पंजा उभा आहे; वारा येईल तसा तो सावकाश फिरतो. कॉर्ब्युझिए १९६५ साली गेला, आणि हा उघडा हात उभा राहायला १९८५ उजाडलं. द्यायला उघडा आणि घ्यायलाही उघडा, असा त्याचा अर्थ त्यानेच सांगून ठेवलाय. मी मात्र मराठी घरात वाढलेला. एवढा उघडा तळवा दिसला की माझी नजर आधी विद्यारेषा शोधू लागते. आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या ज्योतिषांपुढे आम्हा पोरांचे हात ओळीने धरले जात. रेषा लांब आहे ना, मध्ये तुटलेली नाही ना, एवढंच विचारलं जाई. या हाताला काय काय करता येतं, हे त्या हाताच्या मालकाला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हाताची किंमत कळली तरी ती द्यायची कोणत्या नाण्यात, हाही घोळच. नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. फाळणीत गाव सुटलेला हा माणूस पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात गुपचूप राबत होता. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा मलबा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, सायकलींचे सांगाडे गोळा करून त्यांतून त्याने माणसं, प्राणी, राजवाडे घडवले. १९७५ च्या सुमारास सरकारला हे सापडलं. बेकायदा म्हणून पाडावं की पाहत बसावं, या पेचातून सुटून पुढच्याच वर्षी रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. नेकचंदांना पगार मिळाला, हाताखाली पन्नास मजूर मिळाले आणि एक हुद्दाही मिळाला: उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन. इतक्या मोठ्या कारागिराचा गौरव करायचा तर त्याला इंजिनिअर म्हणण्यापलीकडे सरकारी शब्दकोशात दुसरी सोय नव्हती. यात मला हसू येतं, पण त्या हुद्द्यामागच्या अनाम कारकुनाबद्दल मायाही वाटते. त्याच्याकडे असलेली सगळ्यात मोठी शाल त्याने काढून पांघरली.

शाळांनी मुलांना सुतारकाम, वायरिंग, नळजोडणी शिकवावी का, या प्रश्नावर आमच्या ओळखीत मतभेदच नाही. शिकवावं, अवश्य शिकवावं. फक्त शेजारच्यांच्या मुलाला. आपला मुलगा त्या वेळी सेक्टर ३४ मधल्या क्लासला गेलेला असतो. तसे आमच्याही शाळेत वेळापत्रकावर 'कार्यानुभव' होता. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा तो दूरचा, खंगलेला वारस असावा. आमच्यापर्यंत तो पोचला तो घोटीव कागदाची फुलं आणि मेणबत्त्या एवढ्यापुरता, आणि दिवाळीनंतर त्याचा तास गणिताचे सर मागून घेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत, ज्यांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकावं. कल्पना मला मनापासून आवडते. त्याच धोरणात असंही नोंदलंय, की रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले तरुण कामकरी आपल्याकडे शेकडा पाचही नाहीत, जर्मनीत ७५ आहेत आणि दक्षिण कोरियात ९६. ही दरी दहा दिवसांत बुजणार नाही, पण दप्तर दहा दिवस खुंटीला राहील, हेही काही थोडं नाही.

आमच्याकडे खुर्च्या विणायला आणि दुरुस्तीला एक मिस्त्री येतात. सागवान आणि वेताच्या, इंग्रजी व्ही उलटा धरावा तशा पायांच्या खुर्च्या त्यांनी कचेऱ्यांमधून ढिगाने दुरुस्त केल्यात. कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्याचे सहकारी यांनी या शहरासाठी त्या आखल्या आणि इथल्याच सुतारांनी घडवल्या. पुढे त्या मोडकळीला आल्या, गच्च्यांवर साचल्या, भंगारात गेल्या. आता परदेशी लिलावांत त्यांना लाखांनी मागणी असते. पाठीवर रंगवलेला खात्याचा क्रमांक शाबूत असला तर गिऱ्हाईक आणखी खूश. सुताराचं नाव मात्र कुणी कधी रंगवलंच नव्हतं. मी हे मिस्त्रींना मोठ्या हळहळीने सांगितलं, तर त्यांनी वेताची पट्टी पाण्यातून काढली, ताणून पाहिली आणि म्हणाले, "बाऊजी, नाव रंगवायचे पैसे कोण देणार?"

त्यांचा मुलगा बारावी झालाय. वडिलांचा रंधा हातात धरायची त्याला लाज वाटते. सध्या तो कॅनडासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय, आणि तिथे कॉलेजात जाऊन शिकणार आहे ते सुतारकाम. फी भरून. तिथे म्हणे सुतार स्वतःच्या गाडीतून कामावर जातो आणि तासावर पैसे घेतो. मी गडबडून विचारलं, "मग इथे तुमच्याकडेच का नाही शिकत?" मिस्त्री रागावले नाहीत. "इथे मी चहा मागितला की बाहेर, पायरीवर मिळतो," ते म्हणाले. "तिथे टेबलावर मिळत असेल." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलाचा हिशोब त्यांना पटलेला दिसत होता, आणि मला तो खोडता येईना. मी चहा टाकायला उठलो आणि दोन्ही कप टेबलावर ठेवले. ते आले, पण खुर्चीच्या कडेवर बसले, नुकतीच विणलेली दबू नये म्हणून.

चहा पिताना मी त्यांना त्या दहा दिवसांची योजना सांगितली. शाळेची पोरं पाठवली तर शिकवाल का? त्यांना फार आनंद झाला. "फेब्रुवारीत पाठवा," म्हणाले, "धुकं सरलेलं असतं, पॉलिश चांगलं सुकतं." फेब्रुवारीत परीक्षा असतात, मी म्हटलं. मिस्त्रींनी बशीतला घोट संपवला आणि मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "मग परीक्षा धुक्यात घ्या, बाऊजी. पेपराला कुठे सुकायचं असतं?"