निम्मा नफा

नोकरी सोडून इंटिरियर डिझायनर स्वतःचं बस्तान मांडतो, तेव्हा पहिली खरेदी व्हिजिटिंग कार्डांची. हिशेबाची वही? ते सीए बघेल की! सीएची आठवण होते मार्चअखेर, आगाऊ कराची १५ तारीख उलटल्यावर. मग पिशवीतून पावत्या निघतात: पेट्रोलच्या पावतीवरची शाई केव्हाच उडालेली, मिसळीचं बिल मात्र ठसठशीत. क्लायंटने १० टक्के टीडीएस कापला खरा. तो सरकारात भरला का, हे फॉर्म २६एएस सांगेल, पण त्याचा पासवर्ड कोण सांगणार? अशांसाठीच २०१६च्या अर्थसंकल्पाने कलम ४४एडीए आणलं. तेव्हा मर्यादा ५० लाखांची होती; तिच्या आतल्या जमेतली निदान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, वह्या माफ. निम्मा नफा! ऑफिसच्या घरमालकाला हे कलम कळता कामा नये.